खेप एक, उत्तरे अनेक
एखादा चित्रपट, त्यातील नट आणि त्या नटांचे इतर चित्रपट ही माहिती मोबाइलला वेगवेगळे संगणक पुरवितात. समजा, ते ५,००० किलोमीटर दूर आहेत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन एका खेपेला ०.०५ सेकंद. प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो, म्हणून खेपा तीन.

फेसबुकने २०१५ साली सर्वांना खुल्या केलेल्या ‘ग्राफक्यूएल’ भाषेत मोबाइल सारे एकदाच विचारतो. पुढची धावपळ त्या संगणकांच्या प्रवेशद्वारी बसविलेला संगणक करतो. खेपा टळत नाहीत; पण १०० मीटरांवरची खेप प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात आटोपतो!

मात्र नट, चित्रपट, पुन्हा नट अशी साखळी कोणी लांबवीतच नेली, तर प्रवेशद्वारच कोलमडेल. म्हणून प्रश्नाच्या खोलीला मर्यादा घालावी लागते.