शैक्षणिक कर्ज: सही करण्याआधीचा हिशेब

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत कॉलेजात जागा मिळाली की ती पक्की करायला हातात मोजके दिवस असतात. त्याच दिवसांत घरात कर्जाचा विषय निघतो. ‘कर्ज पोराच्या नावावर आहे, तुम्हाला काय त्रास?’ असं कुणी म्हणतं, तर ‘शिक्षण होईपर्यंत एक रुपया भरायचा नाही, घेऊन टाका,’ असा सल्ला कुणी देतं. या ऐकीव गोष्टींवर पुढच्या पंधरा वर्षांचा निर्णय होऊन जातो.

सगळ्यात महाग पडतो तो दुसरा सल्ला. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, हे खरं. व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजच्या खात्यात जमा झाल्या दिवसापासून चढत राहतं. या काळात ते सरळव्याज असतं, पण हप्ते सुरू होताना साचलेलं सगळं व्याज मुद्दलात मिसळलं जातं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांसाठी दरवर्षी दोन लाख, असं आठ लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी घेतलं असं धरू. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांवर पाच वर्षांचं व्याज चढतं, शेवटच्या वर्षीच्या दोन लाखांवर दोन वर्षांचं. बेरीज होते 2 लाख 80 हजार. म्हणजे हप्ते सुरू होतात ते आठ लाखांवर नव्हे, तर 10 लाख 80 हजारांवर. दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता 14,272 रुपये.

हेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेलं तर हप्ता 10,572 रुपयांवर येतो, आणि आधी भरलेलं व्याज धरूनही एकूण सुमारे 1 लाख 64 हजार रुपये वाचतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला 1,667 रुपये असतं, चौथ्या वर्षी 6,667. ज्या घराला हे झेपतं, त्याने ते जरूर भरावं. असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना कित्येक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात, पण ती मागावी लागते.

‘मुदत वाढवली की भार हलका होतो’ हाही असाच समज. त्याच 10 लाख 80 हजारांना पंधरा वर्षं लावली तर हप्ता 11,606 रुपयांवर उतरतो. एकूण परतफेड मात्र 17 लाख 13 हजारांवरून जवळजवळ 20 लाख 89 हजारांवर जाते.

आता पहिला सल्ला. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहसा सहकर्जदार असतात. ती सही साक्षीदाराची नसते. बँकेच्या लेखी दोघेही सारखेच देणेकरी. हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं आणि सिबिलवर डाग दोघांच्याही नावाला लागतो. म्हणून मुलाच्या पगाराबरोबर पालकांचं वयही हिशेबात धरायला हवं. वडील आज 52 वर्षांचे असतील तर पहिला हप्ता येईल तेव्हा ते 57 वर्षांचे असतील आणि शेवटच्या हप्त्याला 67 वर्षांचे. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात. मुलाची नोकरी लांबली तर हप्ता पेन्शनीतून जाणार, हे सही करण्याआधी घरात स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

तारणाची भीतीही बऱ्याचदा अनाठायी असते. बँकांच्या आदर्श कर्जयोजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि 2015 पासूनच्या सरकारी हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळू शकतं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण किंवा जामीनदार मागितला जात नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळातल्या व्याजात तीन टक्के सवलतही आहे. मात्र ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. यातलं काहीही आपोआप होत नाही, त्यासाठी अर्ज लागतो आणि उत्पन्नाचा दाखलाही. एवढं असताना राहता फ्लॅट घाईने गहाण टाकू नये.

‘कर वाचतो म्हणून कर्ज घ्या’ हा सल्ला तर आकड्यांत टिकतच नाही. प्राप्तिकरातली वजावट फक्त व्याजाला, आठ वर्षांपर्यंत आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने वर्षात एक लाख व्याज भरलं तर उपकरासह 20,800 रुपये वाचतात. उरलेले 79,200 खिशातूनच जातात.

मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायची सक्तीही नसते. पैसे वर्षावर्षाने, कॉलेजच्या मागणीप्रमाणे सुटतात. मधल्या वर्षी शिष्यवृत्ती आली तर कमी उचलता येतं. महाराष्ट्रात 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. त्यामुळे एकाच मुलीसाठी एका कॉलेजात आठ लाखांचं कर्ज लागेल, तर दुसऱ्यात फक्त वसतिगृह आणि मेसच्या खर्चापुरतं.

राहिला पगार. जाहिरातीत झळकतं ते सर्वोच्च पॅकेज, आणि ते एखाद्याच विद्यार्थ्याला मिळालेलं असतं. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक द्यावा लागतो. निम्म्यांना त्याहून जास्त मिळतं, निम्म्यांना कमी. संस्थेच्या वेबसाइटवर एनआयआरएफच्या पानावर तो सापडतो. मध्यक चार लाखांचा असेल तर महिन्याला हातात तीस हजारांच्या आसपास येतात. त्यातून 14,272 चा हप्ता वजा केला की पुण्यात खोलीचं भाडं, जेवण आणि प्रवास उरलेल्या पंधरा-सोळा हजारांत भागवावा लागतो. मध्यक आठ लाखांचा असेल तर तोच हप्ता फारशी ओढाताण न होता भरता येतो.