आरसीवर नाव कोणाचं?

साताऱ्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात मी दावे चालवते. कागद हाती आले की आधी बघते, अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का. असली तर विमा कंपनीला सामनेवाली करता येतं आणि निकालानंतर पैसे मिळतात, उशिरा का होईना. नसली तर उरतो फक्त ड्रायव्हर आणि गाडीमालक.

विमा नसेल तर २,००० रुपये दंड, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ मध्ये तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे. पण अपघातात माणूस गेला तर हिशेबच वेगळा. समजा ३२ वर्षांचा गवंडी, महिन्याला १५ हजार कमावणारा. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी मोजणीची रीत घालून दिली आहे. चाळिशीच्या आतला, रोजगारावर जगणारा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: २१ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. या वयाचा गुणक १६. झाले ३० लाख २४ हजार, वर अंत्यविधी वगैरेच्या रकमा आणि व्याज. आणि २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता आहे ३,४१६ रुपये, कर वेगळा.

मालकाने पैसे भरले नाहीत तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला पाठवतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. त्याच्या नावावर काहीच नसेल तर निकालाचा कागद घेऊन ती विधवा हेलपाटे घालत राहते. विमा नसलेली गाडी तारण दिल्याशिवाय सोडू नये, तीन महिन्यांनी लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असा नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं. पण जुन्या गाडीचे येऊन येऊन येणार किती?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गाडी विकून मोकळे झालो असं समजणाऱ्यांची. फॉर्मवर सह्या केल्या, रोकड मोजली, किल्ली दिली. घेणाऱ्याने आरटीओत नाव लावलं नाही, विमाही संपू दिला. नवीन कुमार खटल्यात (२०१८) गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच ठेवली. त्यामागचं कारण मला पटतं: मेलेल्याच्या घरच्यांनी गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत का फिरावं?

म्हणून गाडी विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला स्वतः कळवावं आणि त्याची पोच जपून ठेवावी. नाव बदललेली आरसी डोळ्यांनी पाहीपर्यंत पॉलिसी संपू देऊ नये, हप्ता आपल्या खिशातून भरावा लागला तरी.