कोर्लईची ‘नौ लिंग’

सुरतेत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांत अजूनही अहिराणी बोलली जाते. मूल शाळेत मराठी वा गुजराती शिकते, रस्त्यावर हिंदी बोलते आणि आजीशी बोलताना पुन्हा अहिराणीत येते. घरची बोली किती काळ टिकेल, हा प्रश्न अशा घरांत निघाला की आम्हांस कोर्लईची आठवण होते.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी समुद्रास मिळते, तेथे एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लई आहे. या गावातील कॅथलिक घरांत जी भाषा चालते ती मराठी नव्हे व पोर्तुगीजही नव्हे. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. आपल्या भाषेला निराळे नाव द्यावे असे त्यांना कधी वाटले नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ती बोलणारे आज हजाराच्या आसपासच असतील.

पोर्तुगीज १५०५ साली चौलच्या बंदरात आले आणि १५२१ साली निजामशहाच्या अनुमतीने त्यांनी तेथे कोट बांधण्यास आरंभ केला. समोरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ साली लढून घेतला. शिपाई, चाकर, नवख्रिस्ती यांच्या सहवासात पोर्तुगीज शब्दांची एक घरगुती बोली तयार झाली. मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली, पुढील वर्षी तहाने चौल व कोर्लई त्यांच्या हाती आले. पोर्तुगीज निघून गेले, परंतु भाषा मागे राहिली.

ती का राहिली? एक तर नदीवर पूल नव्हता, रेवदंड्यास जायचे तर होडीने. दुसरे, धर्म व जात यांच्या भिंतींमुळे कोर्लईच्या ख्रिस्ती घरांची सोयरीक शेजाऱ्यांशी होत नव्हती. भिंती म्हटल्या की आम्ही त्यांची निंदा करतो. येथे त्यांनीच एक भाषा जतन केली, हेही नमूद करावे लागते. तिसरे कारण आमच्याच मंदिराचे. माउंट कार्मेल मातेच्या या धर्मग्रामात येणारे धर्मगुरू दीर्घकाळ पोर्तुगीज जाणणारे होते. १९६० नंतरच्या दशकात उपासना मराठीत होऊ लागली व तो धागा तुटला. धर्मसभेने लोकभाषेस वेदीवर मान दिला हे योग्यच झाले. मात्र कोर्लईच्या घरातील लोकभाषा ती नव्हती!

या बोलीचे शब्द पोर्तुगीज असले तरी तिची चाल आमच्या मराठीची आहे. पोर्तुगीज माणूस क्रियापद वाक्याच्या मध्ये ठेवतो, कोर्लईकर ते आपल्याप्रमाणे शेवटी ठेवतात. पोर्तुगीजात ‘घर बापाचे’ असा क्रम असतो, कोर्लईत बापास ‘सु’ हा प्रत्यय लागून नंतर घर येते. दोन शतकांहून अधिक काळ मराठीच्या कुशीत राहिल्यावर दुसरे काय व्हावे? जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने येथे अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिच्या भगिनी म्हणाव्यात अशा बोली दमण व दीव येथील ख्रिस्ती घरांत आहेत. परंतु तेथे पोर्तुगीज सत्ता १९६१ सालापर्यंत होती. कोर्लईस तसा आधार १७४० नंतर नव्हता.

फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथे ब्रेटन बोलणाऱ्या शाळकरी मुलाच्या गळ्यात लज्जेचे चिन्ह अडकवीत. पुढे १९७७ साली तेथील पालकांनीच त्या भाषेतून शिकविणाऱ्या ‘दिवान’ शाळा काढल्या. कोर्लईत कोणी मुलांना असे लाजविले नाही. तेथे शाळा मराठी, बाजार मराठी, पूल झाल्यापासून रेवदंड्याची वाट सोपी, आणि नोकरीसाठी तरुण मुंबईस जातो. या बोलीला स्वतःची लिपी नाही. तिच्यातील गाणी व म्हणी वृद्धांच्या मुखात आहेत. गावातील एखादी आई आपल्या बाळाशी मराठीतच बोलू लागली, तर तिला दोष कोण देणार? तिला मुलाचे भले हवे असते. त्या घरातील आजी मात्र नातवाशी कोणत्या भाषेत बोलते, हे आम्ही कोर्लईस जाऊ तेव्हा प्रथम विचारणार आहोत.