डबी, मणी आणि डाळ

‘‘मामाजी, डबीत नुसती थुंकी नका टाकू. सकाळी उठल्याबरोबर, खर्रा तोंडात टाकायच्या आधी चूळ भरा. अंगणात या, छाती भरून दम घ्या आन् आतून खाकरून बेडका काढा.’’

गावच्या आशा कार्यकर्तीच्या, आशाताईच्या तोंडचं हे वाक्य म्हणजे क्षयरोग नियंत्रणाची पहिली पायरी. डबी प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची, तळहातात मावेल एवढी. तिच्यावरचा क्रमांक झाकणावर लिहायचा नसतो, अंगावर लिहायचा असतो. झाकणं बदलली की एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जातो. बेडका काढायचा तो उघड्यावर, घरात नाही. एक नमुना लगेच घ्यायचा आणि दुसरा सकाळचा, रात्रभर छातीत साचलेला. एवढं सगळं जमलं तरच पुढची यंत्रं कामाची. डबीत लाळ आली, तर सगळ्यात महागडं यंत्रही लाळेचाच अहवाल देतं.

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याचा पूर्वेकडचा शेवटचा तालुका. दरेकसा ओलांडलं की छत्तीसगड लागतं आणि उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा आहे. धानाचे बांध, सागा-मोहाचं जंगल, हाजरा फॉलचा धबधबा आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे लोटणारा गोंड समाज, ही इथली ओळख. मुंबई-हावडा मुख्य लोहमार्ग तालुक्यातूनच जातो. नागपूरहून निघालेली ही लाइन राजनांदगावपर्यंत पोचली 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याच सुमारास, 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण शोध दूरच्या शहरात लागायचा आणि रेल्वे आपल्या दारावरून जायची, ही या भागाची जुनीच गोष्ट आहे. शोधाला गावाच्या पायवाटेपर्यंत यायला किती वेळ लागतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

राजाचा रोग, रंकाचं घर

आपल्याकडे या रोगाचं जुनं नाव राजयक्ष्मा. चंद्राला तो जडला आणि म्हणून तो कलेकलेने झिजतो, अशी कथा आहे. ‘क्षय’ या शब्दातच झिजणं आहे. जंतू सापडून पाच वर्षं झाली असताना, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. वय अवघं एकवीस. शत्रूचं नाव कळलं होतं, त्याच्यावर चालणारं हत्यार नव्हतं. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड येईपर्यंत उपाय म्हणजे मिरज-पाचगणीची हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. ज्याला परवडेल त्याने सॅनेटोरियमचा पलंग धरायचा.

ही कोंडी फुटली मद्रासमध्ये. 1956 साली तिथे सुरू झालेल्या केंद्राने शहरातल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये चांगलं खाऊन-पिऊन राहिला. दुसरा आपल्याच दाटीच्या घरात, तुटपुंज्या अन्नावर. औषधं दोघांना सारखी. 1959 मध्ये निकाल आला: दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले आणि घरी राहणाऱ्यांच्या कुटुंबीयांना जास्त लागणही झाली नाही. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडायला इथून सुरुवात झाली. गरिबाला घरीच बरं होण्याचा हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट होती. पण त्या निकालातून एक अर्धवट धडाही घेतला गेला. ‘गोळ्या चालू आहेत ना, मग जेवणाचं एवढं काही नाही’ असं कार्यक्रमाने मानलं. मद्रासने सिद्ध केलं होतं की गोळ्यांनी रोगी बरा होतो. त्याच्या ताटाशेजारी बसलेल्या माणसाला रोग का होतो, हा प्रश्न तसाच राहिला.

मोजलेला खोकला, न मोजलेला खोकला

देशात राष्ट्रीय कार्यक्रम 1962 पासून आहे. 1997 मध्ये तो नव्या रूपात आला. मार्च 2006 पर्यंत ‘डॉट्स’, म्हणजे देखरेखीखाली गोळ्या देण्याची पद्धत, देशभर पोचली. 2012 मध्ये क्षयरुग्णाची नोंद सक्तीची झाली आणि ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. या नोंदवहीचं मोल सालेकशासारख्या सीमेवरच्या तालुक्यात जास्त कळतं. इथल्या माणसाची सासुरवाड डोंगरगडकडे असू शकते आणि बाजार आमगावला. धान निघालं की मजुरीसाठी तो नागपूरला किंवा तेलंगणात मिरची तोडायलाही जातो. रुग्णाचा क्रमांक त्याच्यासोबत गेला, तर गोळ्याही जातात. क्रमांक गावात आणि माणूस परगावी, असं झालं की उपचार तुटतो आणि तुटलेल्या उपचारातूनच औषधांना दाद न देणारा टीबी तयार होतो.

पण हे झालं सापडलेल्या रुग्णाचं. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने दोन गोष्टी उघड केल्या. लक्षणं असलेल्या शंभर माणसांपैकी चौसष्ट जण कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते आणि त्यातल्या बहुतेकांनी ‘होईल बरं’ म्हणून खोकला अंगावर काढला होता. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे 43 टक्के फक्त छातीच्या एक्स-रेमुळे सापडले, नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटले असते. म्हणजे ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ हा आपला ठरलेला प्रश्न जवळपास निम्म्यांना लागूच पडत नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं गावागावांत नेली गेली, ती याचसाठी. गोव्यात तयार होणारं ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालतं. वीज आली-गेली तरी ते बेडक्यातला जंतू आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला असलेला त्याचा विरोध शोधतं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, याला आणखी काही पदर आहेत. मातीचं घर उन्हाळ्यात गार असतं, पण त्याच्या भिंतीत खिडकी नावापुरती. चूल आतच, धूरही आतच. टीबीचा जंतू खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत तासन् तास तरंगतो. वारा त्याला पातळ करतो, ऊन त्याला मारतं. म्हणून नव्या रुग्णाची खाट पहिले काही आठवडे छपरीत टाकावी, हा साधा सल्ला औषधाइतकाच खरा आहे. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण देण्याची ताकद खूप घटते, हेही घरच्यांना त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर खाट छपरीतून परत आत येतच नाही आणि ताट कायमचं वेगळं होतं. शिवाय इकडे खर्रा आहे, तंबाखू-सुपारीचं मिश्रण. दिवसभर रंगीत पिंका टाकणाऱ्याच्या बेडक्यात रक्ताची रेघ आली, तरी ती कुणाच्या डोळ्यांत भरणार?

आदिवासी आरोग्यावरच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2018 च्या अहवालात एक आकडा दिला आहे. आदिवासींमध्ये फुप्फुसाच्या क्षयाचं प्रमाण लाखामागे 703, इतरांमध्ये 256. जवळजवळ पावणेतीन पट. जंतू दोघांकडे एकच आहे. फरक आहे तो अंतरात आणि अन्नात.

गडचिरोलीचे मणी

अंतराचं उत्तर शेजारच्या जिल्ह्याने शोधलं होतं, तेही टीबीसाठी नव्हे तर बाळांच्या न्यूमोनियासाठी. ‘बाळाचं पोट उडतंय’ हे आईला सगळ्यात आधी दिसतं. दवाखाना मात्र नदीपलीकडे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर गोळी-औषध द्यायला शिकवलं. दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यासाठी त्यांनी श्वासमापक बनवला: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला सहा मणी, त्याहून मोठ्याला पाच. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया.

1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निकाल असा: 612 बाळांवर या पद्धतीने उपचार झाले आणि त्यांतली 0.8 टक्के दगावली. जिथे हे काम झालं त्या 58 गावांत पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाने 8.1 मृत्यू झाले, तुलनेच्या 44 गावांत 17.5. निम्म्याहून कमी. आज न्यूमोकॉकल लस सरकारी लसीकरणात आहे आणि जन्मताच बीसीजी टोचली जाते. पण बीसीजी लहानग्यांना मेंदूज्वरासारख्या भयंकर टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीला फारशी अडवत नाही. म्हणून मोजणारं माणूस दाराशी असण्याची गरज संपलेली नाही. सालेकशाच्या पाड्यांवर डबी घेऊन जाणारी आशाताई ही त्या मणी सरकवणाऱ्या दाईचीच वारस आहे.

झारखंडची डाळ

अन्नाचं उत्तर आलं झारखंडमधून. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चार जिल्ह्यांत 2800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं घेऊन प्रयोग केला. गोळ्या सगळ्यांना होत्याच आणि सर्व रुग्णांना दरमहा शिधाही मिळाला. अर्ध्या घरांत रुग्णासोबत बाकीच्या माणसांनाही शिधा दिला: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये निकाल छापून आले. शिधा मिळालेल्या घरांत टीबीचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी घटले, जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या टीबीचे 48 टक्क्यांनी. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णाचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्याचा मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलो.

मद्रासच्या अभ्यासात राहिलेल्या प्रश्नाला इथे उत्तर मिळालं, साठ-पासष्ट वर्षांनी. हा शिधा सालेकशातल्या कुठल्याही बाईला परका वाटणार नाही. तांदूळ घरचा असतो, रेशनवरही मिळतो. नड असते ती डाळीची. बांधावरची लाखोळी-तूर संपली की पावसाळ्यात, रोवणीच्या ऐन कष्टात, ताटात भात आणि पातळ वरण उरतं. तेही आधी पुरुषांना, मुलांना. सरकार क्षयरुग्णाला 2018 पासून महिना 500 रुपये पोषणासाठी देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. ही मदत रुग्णाच्या खात्यावर येते. झारखंडने दाखवलं की संरक्षण हवं आहे ते त्याच चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांना. खात्यावरचे हजार रुपये आणि घरात आलेली डाळ यांत फरक आहे. रुपयांना वाटा फार फुटतात.

2025 पर्यंत टीबी संपवण्याचं देशाने ठरवलं होतं. 2015 च्या तुलनेत नवे रुग्ण ऐंशी टक्क्यांनी कमी व्हायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत 2015 मधलं लाखामागे 237 चं प्रमाण 2024 मध्ये 187 वर आलं. घट 21 टक्के. जगाच्या सरासरीपेक्षा ही बरी, ठरवलेल्याच्या मात्र पावपटीवर. यंत्रं, गोळ्या, नोंदवही या साऱ्यांत आपण पुढे गेलो. पाड्यापर्यंतचं अंतर आणि ताटातली डाळ यांना मात्र अजूनही ‘जोडकाम’ समजतो. मला वाटतं, तालुक्याच्या बैठकीत किती रुग्ण सापडले या आकड्यासोबत आणखी दोन आकडे फळ्यावर हवेत: प्रत्येक रुग्णाचं पहिल्या दिवशीचं वजन आणि साठाव्या दिवशीचं. वजनकाटा प्रत्येक उपकेंद्रात आहे. त्याला बॅटरीसुद्धा लागत नाही.

पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी होते. रिफॅम्पिसिनचा तो रंग असतो, पण आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या नाल्यात टाकतो. दोन महिन्यांनी भूक परतते, ताप जातो आणि ‘आता झालो बरा’ म्हणून पुन्हा गोळ्या सुटण्याची वेळ येते. या दोन्ही वळणांवर कुणीतरी दाराशी यावं लागतं. ते आलं, तर सहावा महिना उजाडतो. आशाताई शेवटच्या तपासणीसाठी पुन्हा तशीच डबी पुढे करते. मामाजी अंगणात येतात, छाती भरून दम घेतात, खाकरतात. काही निघत नाही. पुन्हा खाकरतात. डबीच्या तळाशी नुसती थुंकी.

‘‘राहू द्या मामाजी,’’ आशाताई झाकण फिरवत म्हणते, ‘‘आता थुंकीच चालते.’’