आजोळची चौकशी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, बेळगावात नुकताच व्यवसाय सुरू केला असताना, दहा महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे तापासाठी आले. रांगू लागल्यापासून त्याच्या अंगावर निळे डाग पडतात, हे आईने सांगितले होते. मी त्याकडे फारसे लक्ष न देता मांडीत इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी ती मांडी सुजून दगडासारखी टणक झाली होती. ‘घराण्यात कुणाला असा त्रास?’ हे मी विचारले ते बाळाच्या वडिलांकडच्या आजोबांना. त्यांनी ठाम नकार दिला. निघताना आई हळूच म्हणाली, ‘माझा धाकटा भाऊ दात पडल्यावर रक्त थांबेना म्हणून गेला.’ तपासणीत फॅक्टर आठचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघाले. तीव्र हिमोफिलिया.

हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला हे गुणसूत्र आईकडूनच मिळते. म्हणून वाहक मातेच्या प्रत्येक मुलाला हा विकार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही तेवढीच. तेव्हा चौकशी करायची ती मामा, आईचे मामा आणि मावशीची मुले यांची. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कुणालाच हा विकार नसतो. त्यामुळे आजोळ निर्दोष म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

या मुलांना खरचटल्यावर भळाभळा रक्त वाहते, हा समज चुकीचा आहे. रक्तस्राव थांबवणारे पहिले बूच प्लेटलेट घालतात आणि ते काम येथे ठीक चालते. त्यावर फायब्रिनचे जे पक्के जाळे विणले जावे, तेच कच्चे राहते. त्यामुळे रक्त साचते ते सांध्यांत व स्नायूंत, कधी काही तासांनंतर. प्लेटलेटची संख्या, ब्लीडिंग टाइम आणि पी.टी. हे सारे नॉर्मल येते. लांबतो तो ए.पी.टी.टी. सौम्य प्रकारात तोही फसवतो.

मुलींना रक्तस्रावाचे आनुवंशिक विकार होत नाहीत, हाही गैरसमजच. १९२६ साली फिनलंडचे डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी ज्या कुटुंबाचे वर्णन केले, त्यातील एक मुलगी तेराव्या वर्षी मासिक पाळीच्या रक्तस्रावाने दगावली. अतिस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीला केवळ लोहाच्या गोळ्या देताना हे आठवावे. आपल्या भागात मामा-भाचीचे विवाह होतात. त्यांचा हिमोफिलियाशी संबंध नाही. पण ग्लान्झमानचा विकार किंवा फॅक्टर तेराची कमतरता अशा घरांत अधिक संभवते. नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिले, तर फॅक्टर तेराची तपासणी मुद्दाम मागवावी लागते. पी.टी. व ए.पी.टी.टी. दोन्ही तिथे नॉर्मल असतात.

उपचारांत वेळ महत्त्वाची. सांधा दुखू लागताच, सूज दिसण्याची वाट न पाहता, फॅक्टर द्यावा. डोक्याला मार लागल्यास आधी फॅक्टर, मग स्कॅन. स्नायूत इंजेक्शन नको, अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन नको. २०१७ पासून आलेले एमिसिझुमॅब त्वचेखाली टोचता येते. पण ते हिमोफिलिया ‘ए’साठीच, आणि किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, हे पालकांना आवर्जून सांगावे.

पुढे त्या बाळाची मावशी गरोदरपणी स्वतःहून आली. ‘सासरी कळू देऊ नका,’ हे तिचे पहिले वाक्य होते. तिच्या संमतीने मी फक्त प्रसूतितज्ज्ञांशी बोललो: चिमटा किंवा व्हॅक्यूम लावू नये आणि नाळेचे रक्त तपासणीस ठेवावे. मुलगा झाला. फॅक्टर आठ नॉर्मल होता. ते कळल्यावरच तिने नवऱ्याला सारे सांगितले.