कानाचं मशीन: महाग तेच चांगलं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला साठीनंतर कमी ऐकू येऊ लागलं, की घरात पहिला प्रश्न निघतो, "मशीन केवढ्याला येईल?" प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नसावा. दुकानात यंत्र दिसतं आणि त्याची किंमत दिसते. ते त्या माणसाच्या कानाशी जुळवून द्यायचं काम दिसत नाही. यंत्र रोज कानावर राहणार की कपाटात जाणार, हे बहुतांशी त्या न दिसणाऱ्या कामावर ठरतं.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे आवाज मोठा केला की ऐकू येतं. वाढतं वय आणि सततचा गोंगाट आधी वरच्या पट्टीचं ऐकणं कमी करतात. यंत्रांच्या खडखडाटात काम केलेल्यांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला दिसतो, तो यामुळेच. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं वरच्या. स्वर पोचतात आणि व्यंजनं गळतात, म्हणून आजोबा म्हणतात, "ऐकू येतंय, पण कळत नाही." त्यांच्याशी ओरडून बोललं तर आधीच ऐकू येणारा भागच आणखी मोठा होतो. शिवाय अशा कानाला मोठा आवाज लवकर बोचतो. ऑनलाइन मिळणारी स्वस्त ॲम्प्लिफायर हेच करतात, सगळं सरसकट मोठं. श्रवणयंत्रात कोणत्या पट्टीत किती वाढ द्यायची हे ऑडिओग्राम पाहून ठरवलं जातं, म्हणून खरेदीआधी तपासणी हवी. कधी कानात नुसता मळ असतो, कधी पडद्याला भोक असतं. तिथे आधी उपचार. ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं असेल, तर मशीनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं.

आता किमतीकडे. अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत वयस्क लोकांना महागडी आणि साधी यंत्रं आळीपाळीनं महिनाभर वापरायला दिली. प्रत्येक यंत्राची जुळवणी नीट केलेली होती. बोलणं समजणं आणि रोजच्या जगण्यातला फायदा यांत लक्षणीय फरक आढळला नाही. चॅनेलचा आकडा वाढवत नेणाऱ्या विक्रेत्यापुढे हे लक्षात ठेवावं. महाग यंत्रात ब्लूटूथ किंवा गोंगाट कमी करणाऱ्या जास्तीच्या सोयी असू शकतात. ज्याला त्या लागतात त्यानं जरूर घ्याव्यात.

यावर कुणी विचारेल, की यंत्रं सारखीच असतील तर ती जुळवून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला पैसे कशाला? इंडियाना विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात आधीच प्रोग्राम करून ठेवलेली यंत्रं स्वतः निवडणाऱ्यांनाही फायदा झाला होता. मात्र तिथेही तपासणी आधी झालेली होती, यंत्रं चांगल्या दर्जाची होती, आणि तज्ज्ञांकडून जुळवून घेतलेल्यांचं समाधान जास्त होतं. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे, पण ते बाजारातल्या कोणत्याही डबीला लागू होत नाही.

मशीन लावलं की पहिल्या दिवसापासून सगळं स्पष्ट, चष्म्यासारखं, ही अपेक्षाही अनेक यंत्रं कपाटात पाठवते. वर्षानुवर्षं न ऐकलेले भांड्यांचे, पंख्याचे आवाज मेंदूपर्यंत पुन्हा पोचू लागतात आणि सुरुवातीला ते नकोसे वाटतात. काही आठवडे रोज वापर आणि दोन-तीनदा प्रोग्रामिंग बदलून घेणं गृहीत धरावं. शिट्टी वाजत असेल तर बहुधा कानात बसवायचा मोल्ड नीट बसलेला नसतो. दोन्ही कान कमी असतील तर सहसा दोन यंत्रांचा फायदा अधिक, विशेषतः आवाज कुठून आला हे कळायला. मशीननं कान आळशी होतो, हे मात्र खरं नाही.

उलट टोकाची भीतीही विकली जाते: मशीन नाही घेतलं तर विस्मरण होईल. 'लॅन्सेट'मध्ये २०२३ साली आलेल्या ९७७ ज्येष्ठांच्या चाचणीत तीन वर्षांनी एकूण गटात बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. जास्त धोका असलेल्या उपगटात दिसला. मशीन घ्यायला घरच्यांशी बोलता येणं एवढं कारण पुरेसं आहे.

कोल्हापुरात सुरुवात सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागातून करता येते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साहित्यासाठी ३००० रुपये मिळतात आणि त्या यादीत श्रवणयंत्र आहे. सरकारी यंत्र म्हणजे बिनकामाचं, असं म्हणण्याआधी ते कानाच्या मापाच्या मोल्डसह जुळवलं होतं का, हे पाहावं. पावसाळ्यात रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावं.

पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा: ऑडिओग्रामची प्रत, ऑडिओलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, ट्रायलची मुदत, आणि पुढच्या प्रोग्रामिंगचा खर्च किमतीत धरला आहे का याचं लेखी उत्तर. यातलं काही द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर दुसरं दुकान बघा.