सही चित्रकाराची

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर 'दलाल' ही सही दिसली की वाचकाचा हात आपोआप त्या अंकाकडे जायचा, असा एक काळ होता. मडगावात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत चित्रकला शिकले आणि पुस्तकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, कथांची रेखाटनं करत राहिले. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचाच अंक काढला. कामासाठी संपादकांच्या दारात उभं राहणारा चित्रकार आता स्वतःच संपादक झाला. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर यांनी रंग फवारणाऱ्या स्प्रेगनवर असा हात बसवला की त्यांनी रंगवलेले देव घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाले. 'रत्नदीप' हा अंक त्यांचाच.

नव्या साधनावर हुकमत आणि आपलं काम लोकांपुढे नेण्याची स्वतःची सोय. फ्रीलान्स चित्रकाराचं पोट आजही याच दोन गोष्टींवर चालतं, आणि त्या दोन्ही आता जालन्यासारख्या ठिकाणी बसूनही साधता येतात.

जालना म्हटलं की बियाणं, लोखंडी सळ्या आणि मोसंबी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, तेव्हापासून हे गाव बियाण्यांची पेठ म्हणून ओळखलं जातं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बियाण्याचं पाकीट, सळीची जाहिरात, मोसंबीच्या खोक्यावरचं लेबल, या सगळ्याला चित्र लागतं. तरीही चित्रकलेत गती असलेल्या इथल्या मुलाची वाट बहुधा ठरलेली: शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग एटीडी ही कलाशिक्षक पदविका किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय, आणि शेवटी शिक्षकाची नोकरी नाहीतर फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉवर वाढदिवसाचे बॅनर. त्या दुकानात संगणकावर बसलेला हात मात्र पुढे फार उपयोगी पडतो.

साधनांचा खर्च आवाक्यात आला आहे. क्रिता आणि इंकस्केप ही चित्र काढायची सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि साधा पेन टॅबलेट काही हजार रुपयांत येतो. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट एकदाच पैसे भरून कायमचं मिळतं.

मोसंबीचं लेबल काढायचं आहे असं समजू. बाह्यरेषा एका लेअरवर, सालीचा रंग दुसऱ्यावर, सालीवरचे बारीक ठिपके आणि चकाकी तिसऱ्यावर. बागायतदार म्हणाला, 'जरा पिवळी करा', तर फक्त दुसऱ्या लेअरला हात लावायचा. फाइल ३०० डीपीआयची हवी. ए-फोर आकाराला २४८० बाय ३५०८ पिक्सेल. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा पट्टी, सोडायचं. मोबाइलवर झगझगीत दिसणारा हिरवा छापल्यावर मळकट उतरतो, कारण पडदा रंग प्रकाशातून दाखवतो आणि छापखाना ते चार शायांतून काढतो. म्हणून मंजुरीआधी फाइल सीएमवायकेत, म्हणजे त्या चार शायांच्या रंगांत, पाहायची आणि एक नमुना छापून घ्यायचा.

काम चांगलं असूनही ते कोणाला दिसलं नाही तर पुढचं काम येत नाही. मुंबईचे अभिजीत किणी 'टिंकल' या मुलांच्या नियतकालिकातल्या बटरफिंगर्सचे चित्रकार. त्यांनी 'अँग्री मावशी' हे स्वतःचं कॉमिक काढलं आणि कॉमिक कॉनमध्ये स्टॉल लावून ते थेट वाचकांच्या हाती दिलं. दलालांचीच ही वाट. नवोदितांसाठी प्रथम बुक्सचा स्टोरीवीव्हर हा मंच २०१५ पासून खुला आहे. तिथल्या गोष्टी मराठीसह अनेक भाषांत जातात आणि प्रत्येक भाषांतरासोबत चित्रकाराचं नावही जातं. इन्स्टाग्राम किंवा बिहान्सवर जे काम मिळावंसं वाटतं त्याच जातीची दहा-बारा चित्रं ठेवावीत. बालपुस्तकांचं काम हवं असेल तर लग्नपत्रिका तिथे नकोत. कच्च्या रेखाटनापासून रंगापर्यंतचा प्रवास दाखवला की काम देणाऱ्याला चित्रकाराच्या विचाराची पद्धत कळते आणि विश्वास बसतो.

सर्वात जास्त नुकसान होतं ते तोंडी व्यवहारात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरतो. त्यामुळे लेबलासाठी दिलेली मोसंबी उद्या टेम्पोवर, टी-शर्टवर, कॅलेंडरवर झळकली तरी चित्रकाराला बोलायला जागा राहत नाही. चित्र कुठे, किती वर्षं वापरायचं, दुरुस्त्या किती फेऱ्या, अॅडव्हान्स किती, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या की पुरतं. हक्क विकले तरी कलम ५७ नुसार चित्र आपण काढलं आहे असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. उद्यम नोंदणी फुकट होते, आणि ती केलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवून ठेवता येत नाहीत.

जालन्यातल्या चित्रकाराला वर्षाची आखणीही इथल्या हंगामावरच बसवता येते. खरिपाची पाकिटं पावसाआधी दुकानात लागतात, म्हणून बियाणे कंपन्यांकडे नमुने घेऊन थंडीतच जायचं. दिवाळी अंकांच्या संपादकांना श्रावण लागायच्या आधी लिहायचं. नव्या वर्षाच्या कॅलेंडरांची बोलणी दसऱ्याच्या आसपास सुरू करायची, आणि मधल्या रिकाम्या आठवड्यांत स्वतःच्या पुस्तकाची पानं रंगवत राहायची.